घशाशी येणे : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

लग्नकार्य असो, व्रताचे उद्यापन असो वा एखाद्या संस्थेचा महोत्सव असो, भोजनाविना समारंभाची सांगता होणे आपल्याकडे संभवत नाही. 'पुरे' म्हणून पानावर हात आडवा धरणाऱ्या पाहुण्याचा नकार हा नकारच समजावा, अशी महाराष्ट्रातील यजमानाची रीत नव्हे. पंगतीची जागा बुफेने घेतली. तथापि आग्रह गेला नाही. पूर्वी तो माणसे करीत, आता टेबलावर मांडलेल्या पदार्थांच्या रांगा करतात, इतकाच फरक. पुरणपोळी, भजी, बासुंदी आणि वर पुन्हा थंडगार सरबत असा बेत झाला की तासाभरात छातीच्या मध्यभागी जळजळ सुरू होते. करपट ढेकरा येतात. रात्री अंथरुणाला पाठ टेकताच आंबट-कडू पाणी घशाशी येते आणि सकाळी उठावे तो घसा खवखवतो, आवाज बसलेला असतो. 'पित्त झाले' एवढे दोन शब्द उच्चारून माणूस एखादी गोळी घेतो आणि कामाला लागतो.

या नित्य परिचयाच्या तक्रारीमागे मोठा इतिहास आहे. जठरात आम्ल असते हे सिद्ध होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ते आम्ल वर का येते, हे कळण्यास त्यानंतर आणखी दीडशे वर्षे लागली. आणि घशाच्या तक्रारीचा त्याच्याशी नेमका किती संबंध आहे, याविषयी तज्ज्ञांचा वाद अद्यापही मिटलेला नाही. या प्रवासातून एक गोष्ट मात्र निर्विवादपणे समोर आली. जठरातील आम्ल हा मुळात दोष नव्हेच. उत्तम रेशमी थान ओल्या भिंतीला टेकवून ठेवले तर त्यात थानाचा काय अपराध? आम्ल आपल्या जागी असेपर्यंत ते अन्न पचविते व जंतूंचा नाश करते. त्याने जागा सोडली की ते जाळते. गंमत अशी की मानवाने उपाय शोधले ते बहुतांशी आम्लावर. जागेचा विचार पुष्कळ उशिरा झाला.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांना हा विकार सुपरिचित होता. चरकसंहितेत त्यास स्वतंत्र अध्याय नाही. तथापि काश्यपसंहितेत 'अम्लपित्त' या नावाने त्याचे सविस्तर विवेचन आढळते. पुढे सुमारे सातव्या-आठव्या शतकात माधवकराने रचलेल्या 'माधवनिदान' या ग्रंथात तर त्याची लक्षणे इतकी नेमकी दिली आहेत की आजच्या डॉक्टरने रुग्णाची टिपणे काढावीत तशी ती वाटतात. अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू व आंबट ढेकरा, अंगाला जडपणा, अन्नावरील वासना उडणे आणि हृदयाच्या ठिकाणी व कंठात दाह होणे, असा तो क्रम आहे. वर जाणारे व खाली जाणारे असे अम्लपित्ताचे दोन प्रकारही माधवकराने केले आहेत. यातील 'कंठ' या शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. छातीची जळजळ आणि घशाची जळजळ ही एकाच व्याधीची दोन रूपे असू शकतात, ही नोंद आपल्याकडे बारा शतकांपूर्वी झालेली आहे.

परंतु निरीक्षण वेगळे आणि कारणमीमांसा वेगळी. जठरात नेमके काय घडते, हे पाहण्याचे साधन तेव्हा जगात कोणाजवळच नव्हते. युरोपात अठराव्या शतकापर्यंत काही विद्वान म्हणत की जठर अन्न जात्याप्रमाणे दळते, तर काही म्हणत की अन्न तेथे कुजते वा आंबते. फ्रान्सच्या रेओमूर या शास्त्रज्ञाने १७५२ साली आपल्या पाळीव घारीस भोके पाडलेल्या धातूच्या नळ्या गिळावयास लावून, दळण न होताही आतील अन्न विरघळते हे दाखविले. इटलीच्या लाझारो स्पालान्झानी याने पुढचे पाऊल टाकले आणि तेही स्वतःच्या पोटावर. तागाच्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून, त्यांत चावलेला पाव भरून त्या त्याने गिळल्या. पिशवी शरीराबाहेर पडली तेव्हा शिवण शाबूत होती आणि पाव नाहीसा झालेला होता. कापडाचा विज्ञानास झालेला हा उपयोग फारसा कोणास ठाऊक नाही. अन्न विरघळविणारा एक रस जठरात आहे, हे यावरून निश्चित झाले. तो रस आंबट का, याचे उत्तर लंडनच्या विल्यम प्राउट या वैद्याने १८२३ च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीपुढे मांडले. कारखान्यांत वापरतात तेच हायड्रोक्लोरिक आम्ल माणसाच्या पोटात तयार होते, असे त्याने सांगितले. अनेकांना ते खरे वाटेना, यात नवल नाही.

ही शंका फिटली ती एका दुर्दैवी माणसामुळे. त्याची कहाणी थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, आज मिशिगन राज्यात असलेल्या मॅकिनॅक बेटावर, लोकरी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे दुकान होते. दिनांक ६ जून १८२२ रोजी त्या दुकानात कोणाच्या तरी हातून बंदूक चुकून उडाली आणि हातभर अंतरावर उभा असलेला अलेक्सिस सेंट मार्टिन हा फ्रेंच-कॅनेडियन तरुण हमाल-नावाडी कोसळला. बरगड्या फुटल्या होत्या आणि जठरालाही भोक पडले होते. बेटावरील किल्ल्याचे लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट धावत आले. हा काही वाचत नाही, असेच त्यांनाही वाटले. पण तो वाचला. जखम भरली, मात्र विचित्र रीतीने. जठराच्या भोकाची कड कातडीच्या कडेला जुळून आली आणि डाव्या छातीखाली एक कायमचा झरोका राहिला. बोटाने आतली घडी बाजूस सारली की जठर आतून दिसे. हा झरोका सेंट मार्टिनच्या मरणापर्यंत बुजला नाही.

निराधार रुग्णाचा खर्च गावाने नाकारला तेव्हा बोमाँट यांनी त्याला आपल्या घरी नेले. त्यात दया होती. पुढे त्यात हिशेबही आला. १ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता बोमाँट यांनी रेशमी धाग्याला अन्नाचे तुकडे बांधून ते त्या झरोक्यातून आत सोडले. त्यात शिळा पाव होता, कच्चा कोबी होता, मांसही होते. दर तासाला धागा ओढून काय विरघळले, काय उरले, याची त्यांनी नोंद केली. पुढील आठ वर्षांत असे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. जठररस काढून बाटलीत भरला, त्यात अन्न बुडवून बाटली शरीराइतक्या उष्णतेवर ठेवली आणि पोटाबाहेरही पचन होते हे सिद्ध केले. रसाचे नमुने रसायनशास्त्रज्ञांकडे धाडले. त्यांनी प्राउट यांच्या आम्लाची साक्ष दिली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोमाँट यांच्या आणखी काही नोंदी महत्त्वाच्या आहेत. जठर रिकामे असताना त्यात रस साठून राहत नाही, अन्न आले की तो पाझरू लागतो, असे त्यांनी पाहिले. सेंट मार्टिन संतापला की पचन बिघडे. त्याने मद्यपान केले किंवा अतिभोजन केले की जठराच्या आतील गुलाबी अस्तरावर लालसर चट्टे उमटत. यातील सर्वांत विचार करावयास लावणारी बाब अशी की अस्तर असे बिघडलेले असतानाही कित्येकदा सेंट मार्टिन स्वतः काहीच तक्रार करीत नसे. वेदना नाही म्हणजे इजा नाही, असा जमाखर्च शरीराच्या वहीत चालत नाही. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस बोमाँट यांनी एक्कावन्न निष्कर्ष नोंदविले. माणसे सामान्यतः जेवढे खातात ते शरीराच्या गरजेपेक्षा अधिक असते आणि हा अतिरेक चालू ठेवल्यास जठराच्या अस्तरास रोग जडतो, हा त्यांतील एक. कोणत्याही घरातील आजीने हे प्रयोगाविनाच सांगितले असते हे खरे. परंतु प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून सांगणारा बोमाँट हा पहिला.

आणि सेंट मार्टिन? तो त्या घरात लाकडे फोडीत असे, पाणी भरीत असे आणि हाक आली की उताणा निजून पोट उघडे करीत असे. १८३२ साली त्याच्याशी रीतसर करार झाला. वर्षाला दीडशे डॉलर आणि अन्नवस्त्र. त्याच्या मोबदल्यात जठरावर डॉक्टरांचा अधिकार. तो मधूनच पळून कॅनडात गेला, त्याने लग्न केले, मुले झाली. दारिद्र्याने त्याला परत आणले. १८३४ साली तो गेला तो मात्र कायमचा. बोमाँट त्याला परत बोलावण्यासाठी पुढे अनेक वर्षे पत्रे लिहीत राहिले. ते १८५३ साली निवर्तले. ज्याचे आयुष्य काही तासांचे आहे असे ठरले होते, तो रुग्ण त्यांच्या पश्चात सत्तावीस वर्षे जगला. १८८० साली तो मृत्यू पावला तेव्हा, पुढे जगद्विख्यात झालेले डॉ. विल्यम ऑस्लर यांना त्याचे जठर संग्रहालयासाठी हवे होते. कुटुंबीयांनी नकार दिला. देह उकरून नेण्याजोगा राहू नये म्हणून त्यांनी तो ऐन उन्हाळ्यात मुद्दाम काही दिवस तसाच ठेवला आणि मग आठ फूट खोल खड्ड्यात पुरला. क्वेबेकमधील त्या चर्चच्या भिंतीवर १९६२ साली कॅनडाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संस्थेने स्मृतिफलक बसविला. पचनाचे सारे आधुनिक शास्त्र ज्याच्या देहावर उभे राहिले, त्याच्या वाट्याला त्या देहाचा मालकी हक्क मरणानंतरच आला.

आम्लाचा शोध लागला, पण ते वर का येते हा प्रश्न तसाच राहिला. जर्मनीच्या हाइनरिख क्विंके याने १८७९ साली अन्ननलिकेतील व्रणांना जठररस कारणीभूत असल्याचे लिहिले. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. न्यूयॉर्कचे डॉ. ॲशर विंकेलस्टाइन यांनी १९३५ साली या विकारास स्वतंत्र रोग म्हणून मांडले. लीड्सच्या फिलिप ॲलिसन यांनी १९५१ च्या सुमारास जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकणे, म्हणजे हायाटस हर्निया, आणि ही जळजळ यांचा संबंध जोडला. काही काळ सर्वांनाच वाटले की मूळ सापडले. पण असा हर्निया असूनही ज्यांना काही त्रास नाही, अशी माणसे पुष्कळ निघाली.

खरी उकल १९५६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये झाली. अन्ननलिका आणि जठर जेथे मिळतात, तेथे डोळ्यांना वेगळे असे काही दिसत नाही. पण आतील दाब मोजल्यावर तेथे स्नायूंचे एक घट्ट कडे असल्याचे आढळले. घास उतरताना ते सैल होते आणि लगेच आवळते. हीच ती झडप. १९८०-८२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाचे जॉन डेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की घास गिळलेला नसतानाही ही झडप अधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडते. निरोगी माणसातही पडते. पोटातील हवा ढेकरेवाटे बाहेर जाण्यासाठी निसर्गाने केलेली ती सोय आहे. जठराचा वरचा भाग जितका ताणला जाईल, तितक्या अधिक वेळा ही झडप उघडते. अर्थात चार पोळ्यांच्या जागी सहा पोळ्या खाणाऱ्याचे दार अधिक वेळा उघडणार, हे उघड आहे.

येथे एक कोडे उरते. अन्नात आम्ल मिसळले की त्याची तीव्रता घटते. मग जळजळ जेवल्यानंतरच का व्हावी? ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ साली त्याचे उत्तर शोधले. जेवणानंतर ताजे पाझरलेले आम्ल सर्वच अन्नात मिसळत नाही. त्याचा एक थर अन्नाच्या वर, थेट झडपेच्या तोंडाशी जमून राहतो. झडप उघडली की प्रथम तोच वर येतो. तूप-तेलाने माखलेले अन्न जठरातून लवकर पुढे सरकत नाही, त्यामुळे ही स्थिती तासन्‌तास टिकते. त्याच शहरातील आणखी एक अभ्यास २०१४ सालचा आहे. कमरेला घट्ट पट्टा आवळून जेवण दिल्यास निरोगी माणसातही झडपेची जागा वर सरकते व आम्ल वर चढते, असे त्यात आढळले. जेवणास बसण्यापूर्वी धोतराची गाठ सैल करण्याची जुन्या मंडळींची सवय यावरून आठवावी. आजच्या विजारीच्या पट्ट्याला ती सवय राहिलेली नाही.

आता घशाकडे वळू. जठराच्या अस्तरावर संरक्षक श्लेष्माचा जाड थर असतो. अन्ननलिकेला तेवढे संरक्षण नसते. स्वरयंत्राला तर त्याहूनही कमी. म्हणून अन्ननलिकेला जाणवणारही नाही एवढे थोडे आम्ल, आणि त्यासोबत येणारे पेप्सिन, घशाला पुरते. १९६८ साली अमेरिकेत स्वरयंत्रावरील व्रणांचा संबंध प्रथम या वर येणाऱ्या आम्लाशी जोडला गेला. १९९१ साली डॉ. जेमी कॉफमन या विदुषीने या विषयावर सविस्तर प्रबंध लिहिला. वारंवार घसा खाकरणे, घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे, सकाळी आवाज जड होणे, कोरडा खोकला, हे सारे छातीत मुळीच जळजळ नसतानाही आम्लामुळे होऊ शकते, असे प्रतिपादन त्यांनी केले. माधवकराने ज्या 'कंठा'ची नोंद केली होती, तिला पाश्चात्त्य वैद्यकाने असा दुजोरा दिला.

तथापि गाडी पुढे दुसऱ्या टोकास गेली. घसा खवखवला की आम्लाची गोळी, असा प्रघात पडला. इंग्लंडमध्ये घशाची दीर्घकाळ तक्रार असलेल्या साडेतीनशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. सोळा आठवडे दिवसातून दोनदा आम्लरोधक औषध घेणारे आणि औषधासारखी दिसणारी नुसती पोकळ गोळी घेणारे, या दोन्ही गटांत सारखाच फरक पडला होता. याचा अर्थ आम्ल घशाला त्रास देत नाही असा नव्हे. धूळ, तंबाखू, सर्दी, ॲलर्जी, मोठ्याने बोलणे अशी इतर कारणेही असतात, आणि सतत खाकरण्यानेच स्वरतंतूंना इजा होऊन खाकरण्याची इच्छा वाढते. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या व्यापाऱ्याने, शिक्षकाने वा प्रवचनकाराने खाकरण्याऐवजी कोमट पाण्याचा घोट घ्यावा, हा साधा उपाय अनेकदा गोळीपेक्षा बरा ठरतो.

औषधांचा इतिहास थोडक्यात असा. खाण्याचा सोडा सर्वांत जुना. इंग्लंडच्या न्यूकॅसल येथील जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्रेत्याचे फसफसणारे क्षार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पोहोचले. सोड्याने आम्ल तात्काळ शमते, ढेकर येऊन बरेही वाटते. पण परिणाम अल्पकाळ टिकतो आणि त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णास मानवत नाही. दुसरा घरगुती उपाय थंड दुधाचा. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ साली व्रणाच्या रुग्णांना दर तासाला दूध-साय देण्याची पद्धत घालून दिली आणि ती अर्धशतक चालली. १९७६ साली प्रयोगांती दिसून आले की दुधाने घटकाभर बरे वाटले तरी त्यानंतर आम्लाचा पाझर वाढतो. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सिमेटिडिन बाजारात आले. आम्ल शमविण्याऐवजी ते तयार होण्याचा संदेशच अडविणारे हे पहिले औषध. त्यामागील संशोधनाबद्दल सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. १९८१ साली आलेले रॅनिटिडिन तर भारतात घरोघरी पोहोचले. त्यात कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारे द्रव्य आढळल्याने २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ साली वगळण्यात आले.

१९८८ साली स्वीडनमध्ये ओमेप्राझोल आले आणि त्याच्या जातीची पॅन्टोप्राझोल आदी औषधे पाठोपाठ आली. आम्ल तयार करणारा पंपच ती बंद पाडतात. अन्ननलिकेस खरोखर इजा झालेल्या रुग्णांसाठी ती वरदान आहेत, यात संशय नाही. परंतु पंगतीला जाण्यापूर्वी कवच म्हणून ती गिळणे हा वेगळाच प्रकार झाला. ही औषधे जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावयाची असतात. जळजळ सुरू झाल्यावर घेतल्यास त्यांचा तात्काळ लाभ नाही. शिवाय ती आम्ल कमी करतात, झडप आवळत नाहीत. वर येणे तसेच चालू राहते. डेन्मार्कमध्ये २००९ साली एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध झाला. पित्ताची कोणतीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांना आठ आठवडे असे औषध दिले आणि मग थांबविले. औषध थांबताच त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना जळजळीचा वा आंबट ढेकरांचा त्रास सुरू झाला. दाबून ठेवलेला पंप दुप्पट वेगाने सुरू होतो, असा त्याचा अर्थ. बराच काळ घेतलेले औषध म्हणूनच एकाएकी सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे.

मग उरते ती जागेची आणि वेळेची बाब. जेवणानंतर शंभर पावले चालून डाव्या कुशीवर पहुडावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. शतपावली आणि वामकुक्षी हे शब्द मराठी घरांत तेथूनच रुळले. पुढे वामकुक्षीचा अर्थ दुपारची गाढ झोप असा होऊन बसला आणि 'वाम' शब्द विसरला गेला, हा भाग निराळा. डावीकडेच का? जठराचा फुगीर भाग शरीराच्या डाव्या बाजूस असतो. डाव्या कुशीवर आम्ल त्या खोलगट भागात उतरते आणि झडप वर राहते. उजव्या कुशीवर झडप आम्लात बुडते. ॲमस्टरडॅम येथे २०२२ साली झोपलेल्या रुग्णांची कूस आणि अन्ननलिकेतील आम्ल एकाच वेळी मोजले गेले, तेव्हा डाव्या कुशीवर आम्लाचा निचरा सर्वांत जलद होतो असे आढळले. रात्री ज्यांच्या घशाशी येते त्यांनी पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे ठेवावेत. नुसत्या उशा वाढविल्याने मान वाकते, पोट दुमडते आणि त्रास उलट वाढू शकतो.

जेवण आणि झोप यांतील अंतराविषयी जपानी संशोधकांचा २००५ सालचा अभ्यास बोलका आहे. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत हा विकार, चार तास वा अधिक थांबणाऱ्यांच्या तुलनेत, सातपटीहून अधिक आढळला. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांत हे अंतर आपोआपच राखले जाते. परंतु येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. रात्रिभोजनत्यागाचा हेतू जीवदया हा आहे, पित्तशमन हा नव्हे. व्रताला औषधाची जाहिरात करणे उचित नाही. बाह्य तपांमध्ये अनशनानंतर दुसरेच स्थान असलेल्या ऊनोदरीचेही तसेच. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानून त्यातून काही घास कमी करणे ही संयमाची साधना आहे. तिने झडपेवरील ताण कमी होत असेल तर तो केवळ आनुषंगिक लाभ. उलट दीर्घ उपवासानंतरच्या पारण्याला पक्वान्नांचा मारा झाल्यास आम्ल कोणाचीच भीड ठेवत नाही. दिवस मावळण्यापूर्वी घाईघाईने, न चावता, पोट गच्च भरणाऱ्यासही तेच लागू. जेवणानंतरचा विडा वा पुदिन्याची गोळी यांविषयीही एक शब्द. पुदिना झडप सैल करतो. त्यामुळे थंडावा तोंडाला लाभतो आणि जळजळ छातीला.

हे सारे खरे असले तरी छातीतील प्रत्येक जळजळ पित्ताची नसते, आणि या बाबतीतील चूक जिवावर बेतू शकते. लंडनचे विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली हृदयशूळाचे पहिले सविस्तर वर्णन केले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच ही वेदना उठते, असे त्यांनी तेव्हाच नोंदविले आहे. हृदय आणि अन्ननलिका शेजारी आहेत. दोघांच्या संवेदना मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात. पंगतीनंतर छातीत दडपण आले, घाम फुटला, वेदना जबड्यात वा डाव्या हातात उतरली, दम लागला, तर सोडा पिऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. पन्नाशी उलटलेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसाने तर अशा वेळी 'गॅस झाला असेल' हे वाक्य उच्चारूच नये; थेट रुग्णालय गाठून हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

घास अडकू लागणे, वजन आपोआप उतरणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी होणे किंवा आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहणे, ही लक्षणेही गोळ्यांनी झाकण्याची नव्हेत. वर्षानुवर्षे आम्लाचा मारा सोसलेल्या अन्ननलिकेचे अस्तर बदलू शकते आणि काही थोड्या जणांत पुढे तेथे कर्करोग होऊ शकतो. तो वेळीच ओळखण्यासाठी आत डोकावून पाहावे लागते. बोमाँट यांना त्यासाठी बंदुकीच्या गोळीने पाडलेला झरोका लागला. १९५७ साली त्याच मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे बेसिल हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण तयार केली आणि रुग्णाच्या घशात उतरविण्यापूर्वी ती प्रथम स्वतः गिळून पाहिली. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही ही तपासणी होते. रिकाम्या पोटी जावे लागते, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि बहुधा पंधरा मिनिटांच्या आत ती आटोपते.